घनफुटातले अण्णा

आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक बाथरूममध्ये किती घनफूट हवा मावते हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे, आणि त्याला ते आजवर कुणीही विचारलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. खात्याचं नाव बदलून जलसंपदा झालं त्याला कितीतरी वर्षं झाली, पण अण्णा अजून पाटबंधारेच म्हणतात. उमेदीचा काळ भातसा धरणावर गेला, मग डोंबिवलीत फ्लॅट घेतला. ‘जन्मभर पाणी अडवलं, आता हवा सोडायची,’ असं ते स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात, त्यामुळे आपल्याला वेगळं हसावं लागत नाही.

अण्णा कुणाकडे चहाला गेले की चहा येईपर्यंत ‘जरा हात धुऊन येतो’ म्हणून आत जातात. हात धुवायला लागावा त्याच्या तिप्पट वेळानं बाहेर येतात तेव्हा हात कोरडे असतात आणि खिशात टेप परत जात असते. मग कपाला तोंड लावायच्या आधी निकाल येतो. “पाच बाय सात, उंची आठ. दोनशे ऐंशी घनफूट. पंखा आहे, पण ओढत नाही.”

हे ओढणं ते टिशू पेपरनं तपासतात. कागदाचा एक पदर पंख्याच्या जाळीला लावायचा आणि हात काढून घ्यायचा. कागद चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय, खाली पडला तर नुसताच फिरतोय. या चाचणीनं सोसायटीत बरेच रुसवेफुगवे झाले. चौथ्या मजल्यावर एकांनी बाथरूमचं नूतनीकरण करून घेतलं होतं: फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेला पंखा, पंख्यापासून डक्टपर्यंत बारा फूट लवचिक नळी, तिला तीन वळणं. कागद पडला. घरमालक म्हणाले, “फिरतो की चांगला! नवा आहे.” अण्णा म्हणाले, “फिरतो हो. पण फिरणं वेगळं आणि ओढणं वेगळं.” मग त्यांनी समजावलं की साधा पात्यांचा पंखा भिंतीतल्या भोकातून समोर हवा टाकायला ठीक, पण लांब नळी आणि वळणं आली की त्याचा दम जातो. तिथे सेंट्रिफ्यूगल पंखा लागतो. कालव्याला वळण दिलं की पाण्याचा जोर कुठे जातो, तेही सांगितलं. समोरचा माणूस तोवर चहाचे कप आवरायला लागला होता. फिरणं आणि ओढणं यांतला हा फरक अण्णा पुढे सोसायटीच्या कमिटीतल्या काही सभासदांनाही लावू लागले, आणि तिथे कुणी टिशू पेपर मागितला नाही.

या सगळ्याला सुरुवात अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, एका वाक्यानं झाली. एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या बाथरूमच्या छताला कोपऱ्यात काळे ठिपके आले. काकू म्हणाल्या, “ते काळं पुसून तरी घ्या, नाहीतर पंखा लावून घ्या एक.” दुसऱ्या कुणीही फडकं घेतलं असतं. पण पुसणं ही झाली दुरुस्ती आणि पंखा हा झाला प्रकल्प, आणि अण्णांच्या खात्यात माणूस मोठा व्हायचा तो प्रकल्पावर. त्यांनी कपाटातून एक लांबोडकी वही काढली, वर ‘एमबी’ असं लिहिलं. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, सरकारी कामावरची मोजमापाची वही. तिच्यात नोंद नसेल तर उभी भिंतही नाही असं धरतात. त्या वहीत त्यांनी अंदाजपत्रक मांडलं, पंख्यांचा तुलनात्मक तक्ता केला, स्वतःच तांत्रिक मान्यता दिली आणि प्रशासकीय मान्यतेसाठी काकूंपुढे ठेवलं. काकूंनी तक्त्याच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिला.

अशी माणसं आपल्याकडे घरटी एक नाही, पण गल्लीत एक असतोच. वस्तू घेणं म्हणजे अभ्यासाचा अकाली मृत्यू, असं त्यांना मनातून वाटत असतं. त्यांना कंजूष म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. पंखा केवढ्याचा? त्या पैशात एका कुटुंबाचं एकदा हॉटेलात जेवण होत नाही. अण्णांनी या पंख्यापायी रिक्षाभाड्यावरच त्याहून जास्त घालवले असतील. प्रश्न पैशाचा नव्हताच. एक पंखा घेतला की बाकीचे सगळे पंखे हातचे जातात, हे त्यांना सोसवत नसे.

आता गंमत अशी की अण्णांचं गणित अगदी बरोबर होतं. त्यांचं स्वतःचं बाथरूमही दोनशे ऐंशी घनफूट, म्हणजे जवळजवळ आठ घनमीटर. बाथरूममधली हवा तासाला सहा ते दहा वेळा बदलावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. अण्णांनी आठ धरले. तासाला साधारण ६३ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ३७ घनफूट. बाथरूम कितीही लहान असलं तरी मिनिटाला ५० घनफुटांच्या खाली जाऊ नये असं अमेरिकेतला संकेत सांगतो, म्हणून त्यांनी ५० पक्के केले. घनमीटरमध्ये ८५. हे सगळं दोनदा तपासून, सही ठोकून ते स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. शेठनं आकडेमोड शांतपणे ऐकून घेतली आणि फळीवरचा सगळ्यात लहान, सहा इंची पंखा खाली काढला. खोक्यावर तासाला अडीचशे घनमीटर लिहिलेलं होतं. म्हणजे हव्या त्याच्या जवळजवळ तिप्पट.

“काका, बाथरूमला सहा इंचीच लागतो. सगळे तोच घेतात.”

हा अण्णांना मोठा धक्का होता. एवढ्या गणितातून जे निघालं ते शेठला गणिताशिवाय ठाऊक होतं. पण सरकारी अभियंता असा हार जात नाही. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढे झडप आली, जाळी आली, जाळीवर धूळ बसली की तो उतरतो, हे त्यांनी शेठला सांगितलं. ते खरंही आहे. मग झडप गुरुत्वाकर्षणानं मिटणारी आहे की विजेवर उघडणारी, बेअरिंग आहे की बुश, मोटर बीएलडीसी आहे का, पाण्याच्या शिंतोड्यांसाठी आयपी-एक्स-चारचं मानांकन आहे का, आवाज किती डेसिबल, असे प्रश्न आले. शेठनं मध्येच दोन गिऱ्हाइकांना बल्ब दिले. अण्णा पंखा न घेता परतले, पण चेहऱ्यावर समाधान होतं. तक्त्यात नवे पाच रकाने आले होते.

यापुढे प्रकल्पाला फाटे फुटू लागले. बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा आत यायला वाट हवी, नाहीतर पंखा नुसता पोकळीशी झगडतो. हा मुद्दा अगदी रास्त. आपल्याकडे पंखा बसवतात तो बाथरूमच्या खिडकीतच, काचेच्या दोन पट्ट्या काढून. खालच्या पट्ट्या उघड्याच राहतात. मग बाहेरची हवा त्या पट्ट्यांतून आत येते, वर वळते आणि पंख्यातून निघून जाते, दाराजवळचा ओला कोपरा तसाच ओला. म्हणून पट्ट्या बंद हव्यात आणि हवा दाराखालून यायला हवी. अण्णांनी सुतार बोलावून दार खालून पाऊण इंच कापून घेतलं. पंख्याचा अजून पत्ता नव्हता. त्या फटीतून पहिल्याच रात्री हवेऐवजी झुरळं आली. दुसऱ्या दिवशी काकूंनी फटीला जाड पायपुसणं लावलं आणि संपूर्ण वायुवीजन योजना बंद पडली. अण्णा येता-जाता ते पायपुसणं पायानं चार इंच सरकवायचे, काकू येता-जाता परत लावायच्या. तोंडानं कुणीच काही बोलत नव्हतं.

पंख्यासाठी खिडकीची वरची काच मात्र आधीच काढून ठेवलेली होती, ‘नागरी काम वेळेत पूर्ण’ अशी तारखेसकट नोंद एमबीत आहे. त्या भोकाला तात्पुरता म्हणून बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. तात्पुरत्या पुठ्ठ्याचं आयुष्य आपल्याकडे आरसीसीइतकं असतं. पुठ्ठा आणि बाहेरचं ग्रिल यांच्यामधल्या वीतभर जागेत कबुतरानं चार काटक्या आणून टाकल्या आणि दोन अंडी घातली. अण्णांना राग यायला हवा होता. पण ते मला हाताला धरून बघायला घेऊन गेले. “बघा. हवेचा झोत असता तर इथे काडी टिकली असती का? खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये हवा हलतच नाही, याचा एवढा बिनखर्चाचा पुरावा मला मिळाला नसता.”

अंडी हलवायला काकूंनी साफ नकार दिला. अठरा दिवस उबवणी, पुढे पिल्लं उडेपर्यंत महिनाभर. “तुम्हीच म्हणायचात ना,” काकू म्हणाल्या, “आधी पुनर्वसन, मग धरण?”  प्रकल्पग्रस्त उडून गेल्यावर अण्णांनी तोंडाला मास्क बांधून, आधी पाणी मारून, ओल्या फडक्यानं ती जागा साफ केली, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांना जडते. हे त्यांनी तिन्ही विंगांच्या सूचना फलकांवर लिहूनही लावलं. खाली मोजमापाची आकृती होती.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी एकदा जिन्यातच विचारलं, “अहो अण्णा, जुलैत आपल्याकडे बाहेरच्याच हवेत नव्वद टक्के दमटपणा. ती आत ओढून भिंती कशा वाळायच्या?” मी जिन्याच्या कठड्याला टेकलो, कारण आता वेळ लागणार हे कळलं. इतका नेमका प्रश्न अण्णांना कुणी कधी विचारला नव्हता. त्यांचा आवाज थोडा कापला. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर आतली हवा बत्तीस अंशांवर वाफेनं भरलेली, तिच्या एका घनमीटरात साधारण ३४ ग्रॅम पाणी. बाहेर सत्तावीस अंश आणि नव्वद टक्के, म्हणजे २३ ग्रॅम. “टक्के बघू नका बाई, ग्रॅम बघा. दर घनमीटरला अकरा ग्रॅमचा नफा.” आठ घनमीटरांचे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. म्हणजे अर्धा कप पाणी. आणि खरं पाणी तर हवेत नाही, फरशीवर आणि भिंतीवर. ते सुटून वर येत राहतं, म्हणून अंघोळ झाल्यावरही पंखा वीस मिनिटं चालू हवा.

वरच्या पायरीवरून भाजीची पिशवी घेऊन काकू उतरत होत्या. “अर्धा कप ना? मी वायपर मारते नि खिडकीला फडकं फिरवते. दोन मिनिटांत होतं.” त्यांचंही बरोबरच होतं. शिक्षिकाबाईंनी दोघांनाही मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले असावेत.

अण्णांचे काही परदेशी दोस्तही या काळात आमच्या ओळखीचे झाले. इंग्लंडात १७३०च्या दशकात देसाग्युलिए नावाच्या गृहस्थानं हाऊस ऑफ कॉमन्ससाठी हातानं फिरवायचं मोठं चाक बसवलं होतं. एक माणूस नेमलेला होता, त्याचं काम चाक फिरवून सभासदांची तापलेली हवा बाहेर काढणं. “आपल्याकडे ती जागा अजून भरलेली नाही,” अण्णा म्हणाले. दुसरा म्युनिकचा पेटेनकोफर. खोलीतली हवा माणसांच्या श्वासानं कितपत बिघडली हे कार्बन डायऑक्साइडवरून मोजायचं, आणि दहा हजारात दहा भाग ही मर्यादा, असं त्यानं १८५८ साली मांडलं. अण्णा त्याच्याबद्दल खात्याच्या एकाच सर्कलला असल्यासारखे बोलतात. याच पेटेनकोफरनं कॉलरा नुसत्या जंतूंनी होत नाही हे दाखवायला १८९२ साली कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी पिऊन दाखवलं आणि तो वाचलाही, हे त्यांनी जेवताना सांगितलं तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, “घरात कुणाला सांगून प्यायला होता का?”

एकदाच मी अण्णांना वही न उघडता बोलताना पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं एक तरुण जोडपं आलं होतं. अण्णांची कीर्ती ऐकून मुलगी विचारायला आली, आमच्या बाथरूममध्ये गुदमरल्यासारखं होतं, कुठला पंखा लावू? अण्णा टेप घेऊन खाली गेले, दारातच थांबले. आत भिंतीवर गॅसचा गिझर होता, खिडकी थंडीची म्हणून प्लॅस्टिकनं बंद केलेली. त्यांनी टेप खिशात टाकली. “पंखा नको. आधी हा गिझर बंद करा. आजच्या आज.” कोंडलेल्या खोलीत ज्योत प्राणवायू खाते, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. आणि हवा आत यायला वाट नसताना पंखा लावला तर ज्योतीचा धूर बाहेर जायच्या ऐवजी उलटा खोलीत ओढला जातो. एवढंच बोलले. संध्याकाळी घरमालकाला फोन करून त्यांनी जो आवाज लावला तो बहुधा भातशावरच्या कंत्राटदारांनीच पूर्वी ऐकला असेल. गिझर मोकळ्या बाल्कनीत गेला. एमबीत याची नोंद नाही, मी पाहिलं आहे. खरेदी झाली नाही म्हणून असेल.

त्यानंतर सोसायटीतले लोक अण्णांकडे सल्ल्याला जाऊ लागले, आणि बघता बघता सगळ्यांचे पंखे झाले. कुणाचा सहा इंची, कुणाचा झडपेचा, चौथ्या मजल्यावरचा सेंट्रिफ्यूगल. सगळ्यांचे टिशू पेपर चिकटले. पुठ्ठा राहिला तो एकट्या अण्णांकडे. दुसऱ्याला सल्ला द्यायला अण्णांना पाच मिनिटं पुरत, कारण तिथे चुकलं तर भोगणार दुसरा, असं काकूंचं मत. मला ते थोडं कडक वाटतं. दुसऱ्याच्या घरी प्रकल्प संपला तरी अण्णांच्या घरचा चालू असायचा, एवढंच.

शेवटी दिवाळीला मुलगी आणि जावई नागपूरहून येणार असं ठरलं, आणि काकूंनी मुदत घातली. “जावई यायच्या आत तो पुठ्ठा दिसता कामा नये.” अण्णांनी अखेरची छाननी केली. निर्णय आवाजावर झाला. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणून ३५ डेसिबलवरचे सगळे पंखे त्यांनी एका रेघेनं बाद केले. उरला एकच, महागातला, बीएलडीसी मोटरचा. वायरमन पोरानं तो बसवला, बटण दाबलं आणि म्हणाला, “काका, लाइट नाही वाटतं.” अण्णांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण असावा. त्यांनी काही न बोलता टिशू पेपर जाळीला लावला. कागद चिकटला. आम्ही सगळे दारात उभे होतो, शिक्षिकाबाईंनी टाळ्याही वाजवल्या.

जावईबापू आले. फराळ झाला, गप्पा झाल्या. थोड्या वेळानं ते टॉवेल घेऊन बाथरूमकडे गेले. मी हॉलमध्येच बसलो होतो. अण्णांचं बाथरूम हॉलला लागून आहे, दार सोफ्यापासून चार पावलांवर, आणि त्या दाराखाली आता पाऊण इंचाची फट. पंखा सुरू झाल्याचं फक्त बटणावरून कळलं. मग जे व्हायचं ते झालं. आतला माणूस खाकरला तर ते हॉलमध्ये बसलेल्या मुलीला, मला, सगळ्यांना ऐकू आलं. जावईबापूंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्याच क्षणी आतला नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. बादली भरली. वाहू लागली. नळ चालूच.

अण्णांच्या हातातला चिवड्याचा घास हातातच राहिला. पूर्ण सोडलेला नळ मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी टाकतो. ज्या माणसानं जन्मभर एकेक क्युसेक मोजला, त्याच्या स्वतःच्या घरात, दिवाळीच्या दिवशी, चांगलं पिण्याचं पाणी नुसतं आवाजासाठी वाहत होतं, आणि वाहवणारा जावई. बोलायची सोय नाही. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. ते लिटर मोजत होते.

काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी टीव्ही मोठा केला. जाता जाता हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, पंख्याचा घरघराट हवाच होता मला. बाथरूम हॉलला लागून आहे म्हणूनच तर पंखा म्हणत होते. ते काळं काय, फडक्यानं जातं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आमची बेल वाजली. अण्णा. काखेत एमबी. बाथरूममध्ये वीसेक वर्षांपूर्वीचा लोखंडी पंखा आहे आमच्याकडे. त्याचा आवाज खालच्या रिक्षावाल्यालाही ऐकू येतो, आणि अण्णांनी तो कधीच भंगारात काढायला सांगितलेला होता.

“जरा लावता का तो?” अण्णा म्हणाले आणि त्यांनी वहीत नवा रकाना आखला. “हॉलमध्ये सोफ्यावर बसूनच ऐकतो. तुम्ही आत जाऊन जरा खाकरा बघू.”